छिन्नमनस्कतेतील बोधात्मक अडचणी आणि शस्त्रक्रियाविरहित मेंदू-उद्दीपन

शस्त्रक्रियाविरहित मेंदू-उद्दीपन म्हणजे कवटीला छेद न देता व रुग्णाला भूल न देता, डोक्याच्या बाहेरून चुंबकीय क्षेत्र किंवा सौम्य विद्युतप्रवाह वापरून मेंदूच्या निवडक भागाच्या कार्यात बदल घडवू पाहणारी तंत्रे होत. छिन्नमनस्कता अथवा स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारात स्मृती, अवधान, नियोजन, विचारांची गती इत्यादी बोधात्मक क्षमता मंदावतात. या क्षमतांवर प्रचलित औषधांचा फारसा परिणाम होत नाही. म्हणून गेल्या सुमारे दोन दशकांपासून या अडचणींवरील संभाव्य उपाय म्हणून मेंदू-उद्दीपनाचा अभ्यास चालू आहे. आरंभीच्या लहान चाचण्यांनी मोठी आशा निर्माण केली. नंतरच्या मोठ्या चाचण्यांत मात्र ती बऱ्याच अंशी टिकली नाही. त्यामुळे या कारणासाठी मेंदू-उद्दीपन हा अद्याप सिद्ध उपचार नसून संशोधनाचा विषय मानला जातो.

बोधात्मक अडचणींचे स्वरूप

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे २ कोटी ४० लक्ष लोकांना, म्हणजे साधारणपणे दर ३०० जणांमागे एकास, छिन्नमनस्कता आहे. तिची लक्षणे स्थूलमानाने तीन गटांत विभागली जातात. नसलेले आवाज ऐकू येणे, निराधार संशय किंवा भ्रम यांना ‘धन लक्षणे’ म्हणतात. भावना बोथट होणे, इच्छाशक्ती व बोलणे कमी होणे ही ‘ऋण लक्षणे’ होत. तिसरा गट बोधात्मक अडचणींचा. पहिला गट सर्वांच्या नजरेस पडतो, तर तिसरा बहुधा दुर्लक्षित राहतो.

ही बाजू नव्याने लक्षात आली आहे असे मात्र नाही. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या आजाराला जे नाव रूढ केले त्याचा अर्थच ‘अकाली बुद्धिभ्रंश’ असा होतो. पुढे १९०८ मध्ये स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी ‘स्किझोफ्रेनिया’ ही संज्ञा सुचवली. मन छिन्न होणे याचा त्यांना अभिप्रेत असलेला अर्थ विचार, भावना व वर्तन यांतील सांधा निखळणे असा होता. एका व्यक्तीत दोन व्यक्तिमत्त्वे असणे असा नव्हे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या पुढाकाराने तज्ज्ञांनी या अडचणींची सात क्षेत्रे निश्चित केली : माहितीवर प्रक्रिया करण्याची गती, अवधान व सावधता, कार्यरत स्मृती, शाब्दिक शिक्षण व स्मृती, दृश्य शिक्षण व स्मृती, तर्क व समस्यापूर्ती आणि सामाजिक आकलन. या क्षेत्रांचे मापन करणारा ‘मॅट्रिक्स’ चाचणीसंच २००८ साली प्रसिद्ध झाला. आज बहुतेक महत्त्वाच्या अभ्यासांत तो किंवा त्यासारखा संच वापरला जातो.

यांपैकी कार्यरत स्मृती ही या लेखाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. काही क्षणांपुरती माहिती मनात धरून ठेवणे आणि त्याच वेळी तिच्यावर काम करणे, ही ती क्षमता होय. तोंडी हिशेबात हातचा लक्षात ठेवणे, वाक्याचा शेवट ऐकेपर्यंत त्याचा आरंभ ध्यानात ठेवणे, किंवा दुकानात तीन वस्तू मागताना पहिली न विसरणे, ही तिची नित्याची उदाहरणे. ती दुबळी झाली म्हणजे संभाषण, वाचन, प्रवास व नोकरी ही सर्वच कामे अवघड होतात. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र हा आळस किंवा बेफिकिरी वाटते.

मायकेल ग्रीन यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्याने एक महत्त्वाची गोष्ट पुढे आणली. रुग्ण समाजात कसा वावरेल, नवी कौशल्ये कितपत शिकेल, याचा संबंध आवाज ऐकू येण्यापेक्षा स्मृती व अवधान यांच्याशी अधिक जवळचा असतो. भारतात मानसिक आजारामुळे येणारे अपंगत्व मोजण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘आयडियाज’ या मापनश्रेणीत स्वतःची काळजी, परस्परसंबंध, संवाद व आकलन आणि काम ही चार क्षेत्रे पाहिली जातात. बोधात्मक अडचणी या चारही क्षेत्रांना बाधा आणू शकतात.

औषधांची मर्यादा

१९५२ मध्ये फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिनचा वापर सुरू झाला आणि या आजाराच्या उपचाराचे चित्र पालटले. हे औषध आणि त्यानंतरची बहुतेक मनोविकाररोधी औषधे मेंदूतील डोपामिन या रसायनाच्या ‘डी-२’ ग्राहींना अडवतात. त्यामुळे भास व भ्रम कमी होतात आणि आजार उलटण्याचा धोकाही घटतो. बोधात्मक क्षमतांत मात्र त्यांमुळे होणारी सुधारणा अल्प असते. औषधांमुळे येणारा हातापायांचा कंप व ताठरपणा कमी करण्यासाठी ट्रायहेक्झिफेनिडिलसारख्या गोळ्या दिल्या जातात. त्यांमुळे तर स्मृती आणखी मंदावू शकते. खास बोधात्मक अडचणींसाठी तयार केलेल्या आइक्लेपर्टिन या औषधाकडून बऱ्याच अपेक्षा होत्या, पण तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांत ते अपेक्षित परिणाम दाखवू शकले नाही, असे २०२५ च्या आरंभी जाहीर झाले.

अशा स्थितीत अनेक कुटुंबांना एकच अनुभव येतो. आवाज थांबतात, झोप सुधारते, रुग्ण शांत होतो. तरीही त्याचे शिक्षण किंवा नोकरी पुन्हा मार्गी लागत नाही. ही उणीव भरून काढण्याच्या गरजेतून मेंदू-उद्दीपनाकडे लक्ष वळले.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वाहकात विद्युतप्रवाह निर्माण होतो, हे तत्त्व मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली मांडले. मेंदूची ऊतीही विद्युतवाहक असल्याने ते तत्त्व तिलाही लागू पडते. १८९६ मध्ये फ्रेंच वैज्ञानिक आर्सेन दार्सोनव्हाल यांनी डोक्याभोवती प्रबळ चुंबकीय क्षेत्र निर्माण केले असता प्रकाशाच्या चमका दिसतात, असे नोंदवले. १९८० मध्ये पॅट्रिक मर्टन व ह्यू मॉर्टन यांनी कवटीवरून विद्युतधक्का देऊन स्नायूंची हालचाल घडवून दाखवली. पण ती पद्धत वेदनादायक होती. १९८५ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी चुंबकीय स्पंदाद्वारे तोच परिणाम जवळजवळ वेदनेविना साधला. आधुनिक चुंबकीय मेंदू-उद्दीपनाची सुरुवात येथून धरली जाते. सौम्य विद्युतप्रवाहाच्या तंत्राचे आधुनिक पुनरुज्जीवन २००० साली जर्मनीतील गटिंगेन येथे मिखाएल नित्शे व वाल्टर पाउलुस यांच्या प्रयोगांनी झाले.

प्रमुख तंत्रे

चुंबकीय उद्दीपन : या तंत्रात बहुधा इंग्रजी आठच्या आकड्याच्या आकाराचे तारेचे वेटोळे डोक्यावर धरतात. त्यातून अत्यल्प काळ मोठा विद्युतप्रवाह सोडला जातो. त्यामुळे सुमारे १.५ ते २ टेस्ला इतके चुंबकीय क्षेत्र क्षणभर निर्माण होते. ते कवटी पार करून मेंदूच्या पृष्ठभागाजवळ, साधारण २ ते ३ सेंटिमीटर खोलीपर्यंत, चेतापेशींना उद्दीपित करते. असे स्पंद ठरावीक गतीने वारंवार दिले असता परिणाम सत्रानंतरही काही काळ टिकतो. सर्वसाधारण नियमानुसार सेकंदाला एक किंवा त्याहून कमी स्पंद दिल्यास त्या भागाची उत्तेजनशीलता घटते आणि सेकंदाला पाच किंवा अधिक स्पंद दिल्यास ती वाढते. उद्दीपनाची तीव्रता व्यक्तीनुसार ठरवतात : हाताच्या हालचालीचे नियंत्रण करणाऱ्या भागावर स्पंद देऊन हाताच्या स्नायूत प्रतिसाद उमटवण्यास लागणारी किमान तीव्रता आधी शोधली जाते.

२००५ मध्ये ‘थीटा-बर्स्ट’ ही जलद पद्धत पुढे आली. तिच्यात तीन-तीन स्पंदांचे लहान झुपके सेकंदाला पाच वेळा दिले जातात. तिच्या खंडित प्रकारात ६०० स्पंद सुमारे तीन मिनिटांत पूर्ण होतात. जुन्या पद्धतीच्या सत्राला बहुधा २० ते ४० मिनिटे लागत.

थेट विद्युतप्रवाहाचे उद्दीपन : यात क्षारजलात भिजवलेल्या स्पंजांत बसवलेले दोन इलेक्ट्रोड डोक्यावर बांधतात व त्यांमधून बहुधा १ ते २ मिलिअँपिअर इतका प्रवाह सुमारे २० मिनिटे सोडतात. त्याचा बराच भाग त्वचा व कवटी यांतच विखुरतो. मेंदूपर्यंत पोहोचणारा अंश चेतापेशींना स्वतःहून कार्यान्वित करण्याइतका नसतो. तो त्यांना कार्यान्वित होण्यास किंचित अधिक किंवा कमी तयार करतो. म्हणजे चुंबकीय स्पंद हा दारावरच्या थापेसारखा, तर हा प्रवाह दार किलकिले करून ठेवण्यासारखा आहे. आत कोणी येणार की नाही हे त्या वेळी मेंदू काय करत आहे यावर अवलंबून असते. म्हणून हे उद्दीपन चालू असताना रुग्णाकडून स्मृतीचे एखादे काम करवून घेण्याची पद्धत अनेक संशोधक अवलंबतात.

प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाचे उद्दीपन : मेंदूतील चेतापेशींचे समूह विशिष्ट लयीत एकत्र काम करतात. कार्यरत स्मृतीशी संबंधित ‘गॅमा’ लय सेकंदाला सुमारे ४० आवर्तनांची असते आणि छिन्नमनस्कतेत तिच्यात बिघाड आढळतो. त्याच लयीचा सौम्य प्रवाह बाहेरून देऊन ती सावरता येईल का, हे या तंत्राद्वारे तपासले जात आहे. या विषयातील अभ्यास अद्याप थोडे व लहान आहेत.

विद्युत-आघात उपचाराहून भेद

सामान्य बोलीत ‘शॉक’ म्हणून ओळखला जाणारा विद्युत-आघात उपचार आणि वरील तंत्रे यांत अनेकदा गल्लत होते. विद्युत-आघात उपचारात मेंदूत मुद्दाम आकडी निर्माण केली जाते. त्यासाठी भूल व स्नायू शिथिल करणारे औषध आवश्यक असते; त्यांवाचून हा उपचार देण्यास भारतात मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ अन्वये मनाई आहे. वर वर्णिलेल्या तंत्रांत आकडी निर्माण करण्याचा उद्देश नसतो. रुग्ण पूर्ण जागा राहतो, सत्रात बोलू शकतो आणि सत्र संपल्यावर चालत घरी जाऊ शकतो.

मेंदूच्या कोणत्या भागाची निवड होते

बोधात्मक अडचणींसाठी सर्वाधिक वापरला गेलेला भाग म्हणजे कपाळामागील अग्रखंडाचा वरचा व बाहेरील पृष्ठभाग, विशेषतः डावा. माहिती मनात धरून ठेवणे, बेत आखणे व अनावश्यक गोष्टींना आवर घालणे ही कामे या भागाभोवती गुंफलेल्या चेतापेशींच्या जाळ्यांतून होतात. छिन्नमनस्कतेच्या रुग्णांना स्मृतीचे काम दिल्यास हा भाग निरोगी व्यक्तींहून वेगळ्या प्रकारे कार्य करतो, असे मेंदूच्या प्रतिमांच्या अभ्यासांत दिसले आहे. तो कवटीच्या लगत असल्याने बाह्य उद्दीपनाच्या टप्प्यातही येतो. याउलट, स्मृती साठवण्यात मोठा वाटा असलेला हिप्पोकॅम्पस खोलवर असल्याने त्याच्यापर्यंत थेट पोहोचता येत नाही.

भासांसाठी वापरले जाणारे उद्दीपन याहून निराळे असते. तेथे डाव्या कानामागील व वरील, वाणीच्या आकलनाशी निगडित भागाची उत्तेजनशीलता कमी करण्याचा प्रयत्न होतो. बंगळूर येथील निम्हान्स संस्थेत थेट विद्युतप्रवाहाने भासांवर उपचार करण्यासंबंधी संशोधन झाले आहे. भासांसाठी मिळालेला निष्कर्ष स्मृतीला लागू करता येत नाही, हे वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

संशोधनातील निष्कर्ष

कॅनडातील टोरांटो येथील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत २७ रुग्ण सहभागी होते. अग्रखंडाच्या दोन्ही बाजूंना सेकंदाला २० स्पंद या गतीने चार आठवडे उद्दीपन दिले गेले. कार्यरत स्मृतीच्या कसोटीत उपचार घेतलेल्या गटाची कामगिरी लक्षणीय सुधारली. अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३३ रुग्णांच्या एका चाचणीत थेट विद्युतप्रवाहाच्या केवळ पाच सत्रांनंतर ‘मॅट्रिक्स’ संचातील एकूण गुणांत सुधारणा नोंदवली गेली.

यानंतरच्या मोठ्या चाचण्यांचे चित्र निराळे आहे. जर्मनीतील अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या चाचणीत ऋण लक्षणांसाठी १७५ रुग्णांना डाव्या अग्रखंडावर सेकंदाला १० स्पंदांचे उद्दीपन देण्यात आले. तिचे मुख्य निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. खरे उद्दीपन छद्म उद्दीपनाहून सरस ठरले नाही. याच चाचणीतील १५० हून अधिक रुग्णांच्या बोधात्मक गुणांचे विश्लेषण २०१६ मध्ये आले. त्यातही दोन गटांत फरक आढळला नाही. टोरांटोच्या गटानेही आपला प्रयोग ८३ रुग्णांवर पुन्हा केला आणि २०२१ साली प्रामाणिकपणे नोंदवले की, कार्यरत स्मृतीवर अपेक्षित परिणाम या वेळी दिसला नाही.

अनेक अभ्यास एकत्र घेऊन केलेल्या विश्लेषणांपैकी काहींत कार्यरत स्मृतीवर लहानसा अनुकूल परिणाम दिसतो. इतर बोधात्मक क्षेत्रांत मात्र सुसंगत सुधारणा आढळलेली नाही.

निष्कर्षांत तफावत का पडते

पहिले कारण सरावाचे. तीच कसोटी दुसऱ्यांदा दिली की बहुतेकांचे गुण वाढतात. उपरोक्त जर्मन अभ्यासात दोन्ही गटांचे गुण कालांतराने सुधारले होते. तुलनेला दुसरा गट नसता, तर या वाढीचे श्रेय उद्दीपनाला दिले गेले असते.

दुसरे कारण छद्म उद्दीपनाशी निगडित आहे. यात यंत्र तसेच आवाज करते, पण मेंदूपर्यंत परिणामकारक स्पंद पोहोचत नाहीत. विद्युतप्रवाहाच्या बाबतीत आरंभी काही सेकंद मुंग्या येऊ देऊन प्रवाह बंद केला जातो. रुग्णाला आपण कोणत्या गटात आहोत हे कळले, तर अपेक्षेचाच परिणाम गुणांवर पडतो. चुंबकीय स्पंदाची टाळूवरील टकटक हुबेहूब उमटवणे सोपे नसते.

तिसरे कारण संख्येचे. २०-३० रुग्णांच्या अभ्यासात योगायोगाने मोठा फरक दिसू शकतो आणि असे ठळक निष्कर्ष अधिक सहजपणे प्रसिद्ध होतात.

चौथे कारण खुद्द आजारात आहे. उद्दीपनाचा टिकाऊ परिणाम चेतापेशींमधील जोडण्या बळकट किंवा शिथिल होण्याच्या लवचीकतेवर अवलंबून असतो. छिन्नमनस्कतेत ही लवचीकताच कमी असल्याचे अनेक प्रयोगांत दिसले आहे. त्यात औषधे, धूम्रपान, आजाराचा कालावधी आणि प्रत्येकाच्या मेंदूची वेगळी रचना यांची भर पडते. पूर्वी अग्रखंडावरील जागा पुष्कळदा फूटपट्टीने, हालचालीच्या केंद्रापासून ५ सेंटिमीटर पुढे, अशी ठरवली जाई. सर्वांच्या बाबतीत ती अचूक येत नसे. आता मेंदूच्या प्रतिमेवरून जागा निश्चित करण्याकडे कल आहे.

सुरक्षितता

योग्य निवड व देखरेख असल्यास ही तंत्रे सामान्यतः सुरक्षित मानली जातात. चुंबकीय उद्दीपनाच्या सुरक्षिततेविषयीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे १९९८ साली प्रसिद्ध झाली व २००९ आणि २०२१ मध्ये ती अद्ययावत करण्यात आली. डोकेदुखी आणि टाळूवर अस्वस्थता हे त्याचे नेहमीचे दुष्परिणाम होत. यंत्राच्या आवाजापासून संरक्षणासाठी कानात बोळे घालणे आवश्यक असते. आकडी येणे हा गंभीर, पण विरळा धोका आहे. छिन्नमनस्कतेच्या हट्टी प्रकारात वापरले जाणारे क्लोझापिन हे औषध आकडी येण्याची शक्यता वाढवते. म्हणून चालू औषधांची संपूर्ण माहिती डॉक्टरांना देणे महत्त्वाचे ठरते. डोक्यात धातूची क्लिप, कानात श्रवण-रोपण किंवा शरीरात पेसमेकर असल्यास हे उद्दीपन टाळतात अथवा विशेष काळजी घेतात.

थेट विद्युतप्रवाहामुळे इलेक्ट्रोडखाली खाज, मुंग्या व लाली येते. स्पंज कोरडा पडल्यास त्वचा भाजू शकते. घरगुती वापरासाठी विकली जाणारी किंवा स्वतः जुळवलेली उपकरणे वैद्यकीय देखरेखीविना वापरणे सुरक्षित नाही.

बोधात्मक पुनर्वसनाशी सांगड

स्मृती, अवधान व नियोजन यांचा पद्धतशीर सराव आणि प्रशिक्षकाच्या मदतीने तो दैनंदिन व्यवहारात उतरवणे, यास बोधात्मक पुनर्वसन म्हणतात. या उपायाचा पुरावा मेंदू-उद्दीपनापेक्षा बराच भक्कम आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात १३० अभ्यास व ८,८५१ सहभागी समाविष्ट होते. त्यात बोधात्मक क्षमता आणि दैनंदिन कार्यक्षमता या दोन्हींत लहान ते मध्यम, परंतु निश्चित सुधारणा आढळली. प्रशिक्षित मार्गदर्शक, कौशल्यांचा पुरेसा सराव आणि त्याला व्यावसायिक पुनर्वसनाची जोड असल्यास लाभ अधिक होतो.

उद्दीपनाने मेंदू शिकण्यास अनुकूल झाला आणि त्याच काळात असे प्रशिक्षण दिले, तर दोन्हींचा एकत्रित लाभ होईल, असे आज अनेक संशोधकांचे गृहीतक आहे. उद्दीपन हे शिक्षणाची जागा घेणारे नसून शिक्षणाला साहाय्य करणारे ठरावे, असा हा विचार आहे. तो तर्कशुद्ध असला तरी मोठ्या चाचण्यांतून सिद्ध व्हावयाचा आहे.

सद्यस्थिती

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वारंवार चुंबकीय उद्दीपनास २००८ मध्ये नैराश्यासाठी, २०१८ मध्ये मंत्रचळासाठी आणि २०२० मध्ये धूम्रपान सोडण्यासाठी मान्यता दिली. छिन्नमनस्कतेतील बोधात्मक अडचणींसाठी मात्र अशी मान्यता दिलेली नाही. नैराश्यासाठी यंत्र मान्यताप्राप्त आहे म्हणून ते प्रत्येक मानसिक आजारात उपयोगी आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

भारतातील मोठ्या शहरांत हे उपचार आता खासगी स्तरावरही उपलब्ध आहेत आणि सलग अनेक सत्रे घ्यावी लागत असल्याने खर्चही बराच होतो. म्हणून उपचार कोणत्या लक्षणासाठी सुचवला जात आहे, त्या लक्षणाबाबतचा पुरावा काय आहे, तो संशोधनाचा भाग आहे की नेहमीचा उपचार, आणि चालू औषधे व पुनर्वसन यांचे काय होणार, हे प्रश्न रुग्ण व कुटुंबीयांनी आधी विचारणे हितावह असते. उद्दीपनाच्या आशेने मनोविकाररोधी औषधे परस्पर बंद केल्यास आजार उलटण्याचा धोका असतो.

स्मृतीची अडचण हा आजाराचाच भाग आहे, तो स्वभावदोष नव्हे, एवढे जाणणे हेदेखील साहाय्यच ठरते. सूचना एका वेळी एकच व थोडक्यात देणे, कामांची यादी भिंतीवर लावणे, दिनक्रम ठरावीक ठेवणे आणि गर्दी-गोंगाट कमी करणे यांसाठी कोणतेही यंत्र लागत नाही. मेंदू-उद्दीपनाविषयीचा अंतिम निर्णय पुढील संशोधनातून होईल. तोवर हे उपाय आणि बोधात्मक पुनर्वसन यांनाच प्राधान्य देणे सयुक्तिक आहे.